गिनी पिग भाज्यांना तोंड लावत नाहीत, तेव्हा काय करावं?

प्रश्न थोडक्यात असा आहे: चारएक महिन्यांचे दोन गिनी पिग घरी आणून तीन आठवडे झालेत. ते दुकानातून आणलेले पेलेट (दाबून केलेल्या तयार खाद्याच्या गोळ्या), काकडी आणि गाजर एवढंच खातात. कोथिंबीर तुडवून टाकतात, ढोबळी मिरचीचा वास घेऊन मागे सरकतात, फळांत फक्त केळं चालतं. दुकानदार म्हणतो, "एक दिवस काहीच देऊ नका, भूक लागली की मुकाट्याने खातील." तसं करावं का?

अजिबात करू नका. बाकीचं उत्तर उद्या वाचलंत तरी चालेल, पण एवढं आजच लक्षात घ्या. गिनी पिगचं पोट रिकामं राहण्यासाठी बनलेलंच नाही. त्याच्या पोटात अंधांत्र नावाची मोठी पिशवी असते. तिथले जिवाणू गवतातला तंतू आंबवून त्यातून पोषण काढतात आणि हे काम रात्रंदिवस चालतं. वरून अन्न येणं थांबलं की आतड्यांची हालचाल मंदावते, वायू धरतो, नको ते जिवाणू वाढतात. पोट दुखायला लागलं की जनावराला भूक लागतच नाही. म्हणजे ज्या भुकेच्या भरवशावर आपण उपास घडवतो, तीच पहिल्यांदा मरते. बारा तास काहीही न खाल्लेला गिनी पिग आजारी आहे असं धरून चालावं, आणि चोवीस तास गेले असतील तर दुसऱ्या दिवसाची वाट न बघता डॉक्टर गाठावा. अंगाने जाड जनावर असेल तर उपाशीपणी यकृतात चरबी साचून ते दगावूही शकतं.

आता नखऱ्यांविषयी. मी या वागण्याला नखरे म्हणत नाही. गिनी पिगचं पिल्लू आईच्या पोटात ५९ ते ७२ दिवस वाढतं, इतक्या लहान प्राण्याच्या मानाने हा काळ बराच मोठा आहे. त्यामुळे ते जन्मतःच डोळे उघडे, अंगावर केस, तोंडात दात अशा तयारीने येतं आणि दूध पीत असतानाच आईच्या शेजारी बसून ती खाते ते कुरतडू लागतं. या सुरुवातीच्या आठवड्यांत जे समोर येतं, ते त्याच्या लेखी अन्न ठरतं. जे येत नाही, ते पुढे कितीही पौष्टिक असलं तरी त्याला अनोळखी वस्तू वाटते. फक्त चवच नव्हे, आकार, वास, कुरकुरीतपणा, भांडं, सगळंच तो ओळखीचं शोधतो. पेलेटची कंपनी बदलली म्हणून खाणं थांबवलेले आणि वाटीऐवजी बाटली लावली म्हणून पाणी सोडलेले गिनी पिग मी पुष्कळ पाहिलेत. शिवाय या प्राण्याला उलटी करता येत नाही. पोटात गेलेलं बाहेर काढण्याची सोय नसेल, तर अनोळखी पानाला तोंड न लावणं हेच शहाणपणाचं.

आपल्याकडच्या दुकानांत पिल्लं बहुतेक वेळा काकडी, गाजर, पेलेट आणि भिजवलेले हरभरे यांवर वाढतात. तुमच्या दोघांनी कोथिंबीर कधी पाहिलीच नसेल. ती त्यांना नव्याने शिकवावी लागेल, आणि शिकवता येते. वय लहान आहे तोवर तर नक्कीच.

पण शिकवायला बसण्याआधी एक गोष्ट तपासून घ्यायची. भाजी कधीच न खाणं वेगळं आणि खात असलेली सोडणं वेगळं. पहिल्यात सवयीचा प्रश्न असतो, दुसऱ्यात बहुधा दुखणं असतं. गिनी पिगचे वीसच्या वीस दात आयुष्यभर वाढत राहतात आणि गवत चावून चावूनच झिजतात. गवत कमी पडलं की दाढा वाकड्या वाढतात, जिभेला किंवा गालाला टोचतात. असा गिनी पिग वाटीकडे धावत येतो, तुकडा उचलतो आणि खाली टाकतो. हनुवटीखालचे केस ओले राहतात, हळूहळू तो फक्त मऊ वस्तू खाऊ लागतो. फक्त केळंच खातो असं कोणी सांगितलं की मी पहिल्यांदा तोंड तपासतो. तुमचे दोघं गाजर कराकरा चावतात असं तुम्ही लिहिलंय, हे चांगलं लक्षण आहे. दाढ दुखत असती तर गाजर सगळ्यात आधी सुटलं असतं. तरीही आजपासून स्वयंपाकघरातल्या डिजिटल काट्यावर दर आठवड्याला दोघांचं वजन करून लिहून ठेवा. या वयात वजन वाढत राहायला हवं. ते थांबलं किंवा ५० ग्रॅमने उतरलं, तर भाजीचा विषय बाजूला ठेवून तपासणी करून घ्या.

भाजीसाठी एवढा आटापिटा का

माणसाप्रमाणेच गिनी पिगच्या शरीरात व्हिटॅमिन सी तयार होत नाही. ते तयार करणारं शेवटच्या पायरीचं एन्झाइमच त्याच्यात नसतं. ससा, उंदीर, कुत्रा, मांजर यांना ही अडचण नाही, म्हणून सशाचं पेलेट घालून गिनी पिग पाळता येत नाही. ही गोष्ट कळली ती १९०७ मध्ये. नॉर्वेतले ॲक्सेल होल्स्ट आणि थिओडोर फ्रोलिख हे खलाशांना होणाऱ्या आजाराचा अभ्यास करत होते. त्यांनी गिनी पिगना फक्त धान्य आणि पाव खायला घातला, तर त्यांना चक्क स्कर्व्ही, म्हणजे व्हिटॅमिन सी कमी पडल्याने होणारा आजार, झाला. कोबी किंवा लिंबाचा रस असं ताजं काही मिळालं की तो टळायचा. पुढे १९३० च्या दशकात हंगेरीतल्या सेगेडमध्ये आल्बर्ट सेंट-ग्यॉर्गी यांनी व्हिटॅमिन सी भरपूर प्रमाणात मिळवलं ते तिथल्या मिरच्यांपासून. तुमचे गिनी पिग ज्या ढोबळी मिरचीपासून पळतात, ती याच मिरचीची बहीण आहे, आणि माझ्या मते गिनी पिगच्या ताटात सगळ्यात आधी शिरावी अशी भाजी तीच.

निरोगी गिनी पिगला दर किलो वजनामागे रोज साधारण १० ते ३० मिलिग्रॅम व्हिटॅमिन सी लागतं. गाभण मादीला आणि आजाऱ्याला यातलं वरच्या बाजूचं प्रमाण. तुमची पिल्लं ५०० ते ७०० ग्रॅमची असतील, तर प्रत्येकाला रोज १५ मिलिग्रॅमच्या आसपास मिळालं पाहिजे. आता हिशेब बघा. १०० ग्रॅम काकडीत जेमतेम ३ मिलिग्रॅम असतं, म्हणजे निव्वळ काकडीवर ही गरज भागवायची तर रोज अर्धा किलो काकडी लागेल. गाजरात सुमारे ६ मिलिग्रॅम, तेव्हा तेही पाव किलो. याउलट हिरव्या ढोबळी मिरचीत १०० ग्रॅमला ८० च्या आसपास आणि लाल ढोबळी मिरचीत १२० हून जास्त असतं. लाल ढोबळी मिरचीची बोटभर लांबीची एक पट्टी, १५ ग्रॅमची, दिवसाची गरज पुरी करते. पेरूत तर १०० ग्रॅमला २०० मिलिग्रॅमहून अधिक. कोथिंबिरीत २५ च्या आसपास, म्हणजे एकट्या कोथिंबिरीवर भागत नाही, पण रोज मूठभर गेली तर चांगला हातभार लागतो.

पेलेटमध्ये व्हिटॅमिन सी घातलेलं असतं हे खरं, पण ते टिकत नाही. तयार झाल्यापासून साधारण तीन महिन्यांत त्याचा जोर बराच उतरतो, आणि आपल्याकडच्या उन्हाळ्यात व पावसाळी दमटपणात त्याहून लवकर. दुकानात गोणी उघडी ठेवून सुटं विकलेलं पेलेट घेऊ नका. लहान सीलबंद पाकीट, तारीख बघून, आणि घरी घट्ट झाकणाच्या डब्यात अंधाऱ्या जागी ठेवायचं. सूर्यफुलाच्या बिया, मका, रंगीत तुकडे असलेलं मिश्रण तर नकोच. त्यातलं गोड-तेलकट वेचून खाण्याची सवय लागते आणि मग भाजी शिकवणं दुप्पट अवघड होतं.

मंडईत काय घ्यावं, काय टाळावं

इथे मराठी घरांची एक खास गोची होते. पालेभाजी चांगली, हे आपल्या मनावर इतकं ठसलेलं असतं की लोक प्रेमाने पालक, माठ, चाकवत, आंबट चुका घालतात. या भाज्यांत ऑक्झलेट, म्हणजे कॅल्शियमशी जुळून खडे बनवणारा पदार्थ, जास्त असतं. गिनी पिग शरीरातलं जास्तीचं कॅल्शियम मोठ्या प्रमाणात लघवीवाटे टाकतो, त्यामुळे मूतखड्याकडे त्याचा कल मुळातच असतो. रोज पालक घालून त्यात भर कशाला? आठवड्यातून एखादं पान गेलं तर घाबरू नका, पण ती रोजची भाजी नव्हे. कच्चं अळू मात्र एकदाही नको, त्यातले सुईसारखे स्फटिक तोंड आणि घसा सोलवटून काढतात. मेथी, शेपू आणि शेवग्याचा पाला यांत कॅल्शियम भरपूर असतं, ते चवीपुरते, आलटून पालटून द्यावेत.

रोजच्यासाठी माझी यादी साधी आहे: ढोबळी मिरची, कोथिंबीर, सॅलडचा पानांचा लेट्यूस आणि उन्हाळ्यात काकडी. काकडीत जीवनसत्त्व फारसं नसलं तरी पाणी असतं, आणि २७-२८ अंशांच्या वर गिनी पिगला उष्माघाताचा धोका सुरू होतो, तेव्हा पुणे-नागपूरच्या एप्रिल-मे महिन्यांत तिचा उपयोग आहेच. अधूनमधून फ्लॉवरची बाहेरची पानं, नवलकोलचा पाला, मुळ्याचा थोडा पाला, पुदिना, दुधी. भाजीवाल्याकडे फ्लॉवरचा पाला फुकट मिळतो आणि गिनी पिगना गड्ड्यापेक्षा तो जास्त मानवतो. कोबी थोडाच, वायू धरतो. गाजर गोड असतं, आठवड्यातून दोन-तीनदा एखादी चकती पुरे.

कांदा, लसूण, कांद्याची पात, बटाटा, टोमॅटोचं झाड व पानं, ॲव्होकॅडो, मशरूम, तिखट मिरची, भिजवलेली कडधान्यं, पोळी, भात, बिस्किट, दूध यांतलं काहीही नको. हरभऱ्याची सवय असेल तर ती याच आठवड्यात बंद करा, यात हळूहळू करण्यासारखं काही नाही.

गाजराचा पाला बाजारातून आणा, माळावरून नको. गाजरगवताची पानं इतकी सारखी दिसतात की लोक हौसेने खुडून आणतात, आणि ते विषारी आहे. घाणेरी आणि कण्हेरीच्या कुंपणाजवळचं गवतही आणू नका. कोवळ्या ज्वारीचे फुटवे गुरांना जसे बाधतात तसे यांनाही बाधू शकतात.

नवी भाजी शिकवायची कशी

एका वेळी एकच नवी भाजी. तुम्ही ढोबळी मिरचीपासून सुरुवात करा, आणि तीही लाल. हिरवीपेक्षा ती गोड लागते. देठ आणि बिया काढून अर्धा सेंटिमीटर रुंदीच्या लांब पट्ट्या कापा. चौकोनी तुकड्याची गुळगुळीत साल समोरच्या दातांत धरता येत नाही, पट्टीचं टोक मात्र सहज पकडता येतं. फ्रीजमधून काढलेलं थेट घालू नका, घरातल्या हवेइतकं येऊ द्या. गार भाजीला वास येत नाही, आणि गिनी पिग आधी नाकाने खातो.

ओळखीच्या वासाचा आधार घ्या. काकडी कापलेल्या विळीवर किंवा सुरीने लगेच मिरची कापा, काकडीची ओली चकती त्या पट्टीवर घासा आणि दोन्ही एकाच ताटलीत ठेवा. कोथिंबिरीसाठी याच्या उलट: अगदी बारीक चिरून ओल्या काकडीवर चिकटवा. पहिले काही दिवस ते काकडी खातील आणि कोथिंबीर थुंकतील. थुंकली तरी तोंडाला चव लागली, हे पुष्कळ झालं. चिरलेलं चालेना तर काड्यांसकट अख्खी जुडी कपड्याच्या चिमट्याने पिंजऱ्याच्या जाळीला लावून बघा. जमिनीवर पडलेलं न खाणारे गिनी पिग वरून लोंबणारं ओढून खातात. काहींना ताटलीतलं चालत नाही, पण चाऱ्याच्या ढिगात दडवलेलं सापडलं की चालतं. कुठलं चालेल हे प्रत्येकाचं वेगळं, करूनच कळतं.

वेळ पहाटेची किंवा संध्याकाळची ठेवा, तेव्हा ते जागे आणि उत्साही असतात. जागा आणि ताटली रोज तीच. फ्रीजचं दार उघडलं किंवा पिशवी वाजली की ते शिट्ट्या मारायला लागतील. त्या क्षणी पहिली वस्तू नवी भाजी द्यायची, काकडी पाच-दहा मिनिटांनी. हाच सगळ्यात मोलाचा क्षण असतो आणि बरेच जण तो काकडीवर घालवतात. तुमच्याकडे दोघं आहेत हेही भाग्यच. एकाने तोंड लावलं की दुसरा त्याच्या तोंडातून ओढून घ्यायला येतो, आणि ती ओढाताण आपण कितीही युक्त्या केल्या तरी त्यांहून जास्त शिकवते. म्हणून दोघांपैकी जो धीट आहे त्याच्यावरच मेहनत घ्या.

उरलेली भाजी दोन-तीन तासांनी उचला, उन्हाळ्यात त्याआधीच. दुसऱ्या दिवशी पुन्हा तीच ताजी ठेवा. चार दिवस खाल्ली नाही म्हणून "याला आवडत नाही" असा शिक्का मारून लोक थांबतात, आणि तिथेच सगळं फसतं. एका भाजीला दोन-तीन आठवडे द्यायची तयारी ठेवा. जबरदस्तीने तोंडात कोंबू नका. एकदा भीती बसली की त्या वासालाच तो पळेल.

खायला लागले की उत्साहात वाटीभर घालू नका. आतड्यातल्या जिवाणूंनाही नवं अन्न ओळखावं लागतं. पहिल्या दिवशी एक पट्टी, मग हळूहळू वाढवत, पूर्ण वाढलेल्या गिनी पिगला रोज सगळ्या भाज्या मिळून साधारण एक कपभर. लेंड्या मऊ किंवा चिकट झाल्या तर नवी भाजी थांबवा, सुका चारा वाढवा, लेंड्या घट्ट झाल्या की कमी प्रमाणात पुन्हा सुरू करा. भाजी नीट धुवा, पण पाणी झटकून, पुसून द्या. पावसाळ्यात चिखलाच्या आणि सडक्या पानांची जुडी येते, एकेक काडी निवडूनच घ्यावी लागते.

आधी गवत

तुमच्या प्रश्नात गवताचा उल्लेखच नाही, याची मला भाजीपेक्षा जास्त काळजी वाटते. गिनी पिगच्या खाण्याचा मोठा भाग, साधारण ऐंशी टक्के, सुकं गवत असायला हवा आणि ते चोवीस तास समोर हवं. टिमोथी गवताची आयात केलेली पाकिटं महाग पडतात हे खरं आहे. जमत असेल तर घ्या. नसेल तर स्वच्छ जागेची हरळी आणि मारवेलसारखं बारीक गवत सावलीत वाळवून वापरता येतं. गणपतीच्या दिवसांत दूर्वांच्या जुड्या सगळीकडे मिळतात, त्या धुऊन ताज्या दिल्या तर नवशिके गिनी पिगही आनंदाने खातात. फक्त पूजेत वाहिलेल्या, हळदकुंकू लागलेल्या नकोत. भाताचा पेंढा अंथरायला ठीक, पोषण म्हणून कामाचा नाही. लसूणघासात (अल्फाल्फा) कॅल्शियम जास्त, ते वाढत्या पिल्लांना आणि गाभण मादीला थोडं चालतं, सहा महिन्यांनंतर बंद करावं. पेलेट दिवसाला एका जनावरामागे २० ते ३० ग्रॅम पुरे, पण तुमच्याकडे आज पेलेटवरच पोट भरतंय, तेव्हा गवत खायला लागल्याशिवाय ते कमी करू नका.

फळांचं थोडक्यात. केळं बंद करून त्याजागी पेरू आणा. सालीसकट, बियांचा मऊ भाग काढून, अंगठ्याच्या नखाएवढी फोड आठवड्यातून दोनदा. सफरचंद बिया काढून, पपईची फोड, कलिंगडाची पांढरी साल हेही चालेल. द्राक्षं, आंबा, चिकू यांत साखर फार, न दिलेलेच बरे. आवळा व्हिटॅमिन सीने भरलेला असला तरी बहुतेक गिनी पिग तोंड वाकडं करतात. संत्र्या-मोसंबीने काहींच्या ओठांच्या कडा सोलवटतात, तसं दिसलं तर बंद करा.

भाजी अंगवळणी पडेपर्यंत व्हिटॅमिन सी वेगळं द्यावं, आणि ते थेट तोंडात. पिण्याच्या पाण्यात मिसळलेलं काही तासांत निकामी होतं, शिवाय चव बदलल्याने ते पाणीच कमी पितात, हे जास्त घातक. औषधाच्या दुकानात लहान मुलांसाठीचे व्हिटॅमिन सी ड्रॉप्स मिळतात. नुसत्या सी चेच घ्या, मल्टिव्हिटॅमिन नको, कारण ए आणि डी शरीरात साचून अपाय करतात. बाटलीवर एका मिलिलिटरमध्ये किती मिलिग्रॅम ते वाचून डॉक्टरांकडून मात्रा ठरवून घ्या, सुई काढलेल्या सिरिंजने दातांच्या मागे, गालाच्या बाजूने हळूहळू सोडा. पुष्कळ गिनी पिग ती गोड चव लागली की सिरिंजकडे स्वतःहून धावतात.

सी कमी पडल्याची लक्षणं दोनेक आठवड्यांतही दिसू शकतात: अंगावरचे केस खरखरीत होणं, एका जागी बसून राहणं, गुडघे सुजणं, उचलताच किंकाळणं, हिरड्यांतून रक्त. लघवीत रक्त दिसलं किंवा लघवी करताना ओरडला तर खड्याची शंका धरून लगेच दाखवा. जाताना त्याचं नेहमीचं खाणं आणि ओळखीचा जोडीदार बरोबर न्या, परक्या टेबलावरही त्यामुळे तो लवकर तोंड हलवतो. आणि घरात उरलेलं कुठलंही अँटिबायोटिक स्वतःच्या मनाने देऊ नका. अमॉक्सिसिलिनसारखी पेनिसिलिन गटातली औषधं तोंडाने दिली तर गिनी पिगच्या आतड्यातले उपयोगी जिवाणू मारतात आणि काही दिवसांत तो त्यानेच जातो. कुत्र्या-मांजरांवर जास्त काम करणाऱ्या डॉक्टरांकडे गेलात, तर रुग्ण गिनी पिग आहे हे चिठ्ठी लिहिण्याआधी पुन्हा एकदा स्पष्ट सांगा.